राजाभाऊंचा रवाळ बर्फ

जर्मनीत, गेर्लिंगेनमध्ये बर्फ पडला की शहाणी माणसं फावडं घेऊन दारापुढची वाट साफ करतात. आमचे राजाभाऊ दांडेकर फावडं घेऊन मागच्या बागेत जातात आणि खड्डा खणतात. वाट साफ करायचं काम त्यांच्या बायकोकडे, शोभनाताईंकडे. पहिल्या वर्षी शेजारच्या फ्राऊ क्लाइनने कुंपणावरून विचारलं होतं, किल्ली हरवली का म्हणून. राजाभाऊ गुडघ्यांवर बसून, डोळ्याला भिंग लावून बर्फाचे दाणे न्याहाळत होते. "नाही नाही, नुसतं बघतोय," ते म्हणाले. त्या बाईने आत जाऊन नवऱ्याला काय सांगितलं असेल ते देव जाणे. पण तेव्हापासून दर हिवाळ्यात पहिल्या बर्फाला ती कुंपणापाशी येते आणि "काय म्हणतोय यंदा?" असं विचारते. राजाभाऊही घरातल्या म्हाताऱ्याची तब्येत सांगावी तसं तिला सांगतात.

आता बागेतल्या वीतभर बर्फातून कुठे कडा कोसळणार आहे का? मुळीच नाही. पण एकेकाचं वेड असतं, आणि राजाभाऊंचं वेड काही कालपरवाचं नव्हतं.

मूळचे ते नाशिकचे. पंचविशीत पुण्याच्या एका कंपनीत डिझेल इंजिनांवर काम करत होते. कडाक्याच्या थंडीत इंजिन चालू होतं की नाही, हे पाहायला कंपनीने त्यांना एका हिवाळ्यात लडाखला धाडलं. लडाख म्हणजे थंडीतलं वाळवंट. भाजक्या विटेच्या रंगाचे उघडेबोडके डोंगर, झाड औषधाला नाही, आणि त्यावर बर्फ किती? तर भाकरीवर पीठ भुरभुरावं तेवढा. राजाभाऊंना वाटलं होतं, बर्फाचे डोंगर कोसळायचे तर बर्फ डोंगराएवढा हवा. एका दुपारी सगळे तंबूत चहा पीत बसलेले असताना समोरचा उतार तडकला आणि बघता बघता खाली आला. बर्फ जेमतेम गुडघाभर, पण अख्ख्या डोंगराच्या अंगावरचा. चाचणीचा ट्रक त्याखाली गडप झाला, इंजिनासकट. माणूस एकही नव्हता आत, हे नशीब. कारण चहा! राजाभाऊ तेव्हापासून चहाला कधीही नाही म्हणत नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जाऊन त्या उताराच्या तळचा बर्फ हातात घेतला. मूठ मिटली तरी त्याचा गोळा होईना. रवा सुटावा तसा बोटांतून सुटून गेला. तेव्हापासून हा माणूस त्या रवाळ बर्फाच्या मागे लागला तो लागलाच. वाळवंटी डोंगरात बर्फ थोडा, आकाश निरभ्र, रात्र मरणाची गार आणि जमीन त्या मानाने उबदार. जमिनीची वाफ त्या पातळ थरातून वर जाते, आणि जाता जाता तळच्या बर्फाची पकड काढून घेते. राहतात नुसते मोकळे दाणे. मग त्यावर नवा बर्फ पडला, वाऱ्याने तो थापला, की झाली तयारी. बाकीचं काम एका माणसाचं वजन करतं. थोडा बर्फ हा जास्त वाईट, हे राजाभाऊंचं ब्रह्मवाक्य. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाचा शिरा हातात पडला तरी ते समोरच्याला सांगणार, की हा शिरा झाला वरचा थर, आता याच्याखाली कोरडा रवा आहे अशी कल्पना करा. लोक शिरा तोंडात टाकून पळ काढतात.

शहाऐंशी साली ते जर्मनीत आले, गेर्लिंगेनच्या टेकडीवरच्या मोठ्या कंपनीत पंपांच्या चाचण्या करायला. शेजारच्या टेबलावर हेबर्ले नावाचा श्वाबेनी, म्हणजे तिथलाच, माणूस होता. कामात चोख, बोलायला कंजूष, आणि शनिवार-रविवारी स्की घेऊन डोंगरात. लिफ्ट नसलेल्या, वाट नसलेल्या डोंगरात, स्कीच्या तळाला पट्ट्या चिकटवून पायी चढायचं आणि मग घसरत खाली यायचं, असा त्याचा शौक. त्याने राजाभाऊंना ओढून नेलं. राजाभाऊ पहिल्या हिवाळ्यात किती वेळा पडले याला गणती नाही. पण हेबर्लेने त्यांना स्कीपेक्षा मोठी एक गोष्ट शिकवली. धोक्याच्या उताराखाली पोचलं की सगळ्यांनी थांबायचं. जायचं की नाही ते प्रत्येकाने बोलायचं. सगळ्यांत नवख्याने सगळ्यांत आधी, आणि सगळ्यांत जाणत्याने शेवटी. एकाने जरी 'नाइन', म्हणजे नाही, म्हटलं तरी सगळे परत. का म्हणून विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही.

आपल्याकडे काय, वडीलधाऱ्यांनी बोलायचं आणि बाकीच्यांनी माना डोलवायच्या. राजाभाऊंना ही उलटी रीत इतकी आवडली, की त्यांनी ती घरात आणली. एकदा नवा सोफा घ्यायला तिघं दुकानात गेली. लेक ऊर्मिला तेव्हा बालवाडीत. तिला आधी विचारलं. ती म्हणाली, "नाइन." झालं! दांडेकरांच्या घरी पुढची कित्येक वर्षं जुनाच सोफा राहिला, बसलं की माणूस आत जाणारा. शोभनाताई आजही म्हणतात, "यांच्या लोकशाहीपायी माझी कंबर गेली."

तर असा हा सुखी माणूस. सकाळी लोणी लावलेला ब्रेत्सेल पाव, दुपारी डुलकी, हिवाळ्यात डोंगर. एकच इच्छा राहून गेली होती. लडाखच्या त्या खोऱ्यात, त्याच वाळवंटी डोंगरांत एकदा स्की घेऊन जायचं. हेबर्ले येणार होता, पण त्याचे गुडघे बदलले आणि तो अंगणातल्या बाकावर येऊन बसला. शोभनाताईंचं म्हणणं एकच, "एकट्याने जायचं नाही." मग राजाभाऊंनी सोबत शोधायला सुरुवात केली. मंडळात विचारून झालं. मंडळी मायोर्काला जाणारी, समुद्रकाठी पाय पसरून बसणारी. लडाख म्हटलं की विचारायची, "हिवाळ्यात? कशाला हो?"

रिटायर झाले त्याच वर्षी, उन्हाळ्यात, ऊर्मिलाचं लग्न झालं आणि घरात जावई आला. गौरांग. पुण्याचा पोरगा, सह्याद्रीतले कडे आणि सुळके दोर लावून चढलेला. नोकरी वोल्फ्सबुर्गला, मोटारींच्या कारखान्यात. ऊर्मिलाही तिथेच. बिचारा कड्यांवर वाढलेला माणूस, आणि राहायचं कुठे, तर जिथे उंच म्हणून दाखवायला कारखान्याची धुराडी! दोन हिवाळे हार्त्सच्या टेकड्यांत जाऊन तो स्की शिकला होता. हे कळलं त्या दिवशी राजाभाऊंनी शोभनाताईंना दोनदा विचारलं, "तो स्की करतो म्हणालीस ना?"

२०१७ ची संक्रांत ही दोघांची लग्नानंतरची पहिली. दोघं गेर्लिंगेनला आली. हलव्याचे दागिने विहीणबाईंनी पुण्याहून पाठवले होते. त्यातले निम्मे विमानात फुटले, उरलेले शोभनाताईंनी दोऱ्यात ओवून उभे केले. काळ्या कुर्त्यात, गळ्यात हलव्याचा हार घालून जावईबापू जुन्या सोफ्यावर बसले आणि आत गेले. फोटो निघाले. राजाभाऊ मात्र खिडकीबाहेर बघत होते.

कारण त्या वर्षीचा हिवाळाच विचित्र होता. डिसेंबरभर डोंगरात बर्फ पडला न पडला, आणि आकाश आपलं निळंशार. रात्री हाडं गोठवणारी थंडी. राजाभाऊ शोभनाताईंना सांगत होते, की दक्षिणेकडच्या आल्गाऊच्या डोंगरांचं यंदा लडाख झालंय. आणि संक्रांतीच्या आदल्या दिवशी त्यावर वाऱ्यासकट नवा बर्फ आला. लवीनेनबेरिश्ट, म्हणजे बर्फ कुठे कोसळेल याचा सरकारी अंदाज, ते सकाळी ब्रेत्सेलच्याही आधी वाचतात. त्यात पाचापैकी तीन असा धोका होता, आणि कारण दिलं होतं तळच्या जुन्या बर्फाचं. बेरिश्ट वाचून झाल्यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? घरी बसून गुळाच्या पोळ्या खाल्ल्या असत्या.

पण जावई सोमवारी परत जाणार होता. राजाभाऊंनी चार दिवस नुसतं घोळवलं. लडाखचं नाव काढायची हिंमत होईना, म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवणं चाललं होतं. शेवटी म्हणाले, "गौरांगराव, उद्या जरा डोंगरात जाऊन येऊ या का? सोपा आहे. जंगलातून वाट आहे." गौरांग म्हणाला, "हो बाबा, नक्की!" ऊर्मिलाही येणार होती, पण तिला ताप भरला आणि ती पांघरूण घेऊन पडली.

स्वयंपाकघरात शोभनाताईंनी नवऱ्याला गाठलं. "अहो, पहिला सण आहे. जावईबापूंचं मन मोडू नका. पोरगा एवढ्या हौसेने येतोय. तुमचं ते खड्डे-बिड्डे, आणि नाही-नको जरा आवरा."

"अगं, पण बर्फ कसा आहे ते..."

"ते मला नका सांगू. रवा ना? माहीत आहे मला."

पहाटे दोघं निघाले. गाडीत थर्मासमधला चहा होता. राजाभाऊंनी विचारलं, हीटर ठीक आहे ना? हो बाबा. रेडिओ लावू का? हो बाबा. की बंद ठेवू? हो बाबा, चालेल. राजाभाऊंना वाटलं, काय गुणी पोरगा आहे! आजकाल असं वळण कुठे बघायला मिळतं? आता मी सांगते म्हणून नव्हे, पण जो माणूस रेडिओ लावायलाही हो म्हणतो आणि बंद ठेवायलाही हो म्हणतो, त्याच्या होकाराची किंमत किती, हे कोणालाही कळावं. राजाभाऊंना कळलं नाही. त्यांना गुणच दिसत होते.

खोऱ्यात गाडी लावली. दोघांनी आपापले पीप्सर तपासले. बर्फाखाली गाडलं गेलं तर दुसऱ्याला आपण कुठे आहोत ते या यंत्रावर कळतं. मग जंगलातून चढाई. गौरांग दमदार होता, सह्याद्रीचे पाय ते. ऊन वर आलं, झाडांच्या फांद्यांवरून बर्फ खाली झरू लागला, आणि राजाभाऊंचं मन अगदी प्रसन्न झालं. जंगल संपतं तिथे त्यांनी फावडं काढलं आणि शोभनाताईंची सूचना बाजूला ठेवून खड्डा खणला. राहवेल कसं? वर वाऱ्याने थापलेला टणक थर. त्याच्याखाली फावडं लागताच सगळं भुरुभुरु खाली आलं. जमिनीपर्यंत नुसता रवा.

"हे बघा," राजाभाऊ म्हणाले आणि त्यांनी मूठ जावयाच्या हातमोज्यावर उघडली. मग कधी नव्हे ते गौरांगने विचारलं, "बाबा, हे तुम्ही पहिल्यांदा कुठे बघितलं?" आणि ते सगळं बाहेर पडलं. तंबू, चहा, ट्रक, विटकरी डोंगर. बोलता बोलता राजाभाऊ पंचविशीचे झाले. गौरांग ऐकत राहिला आणि म्हणाला, "बाबा, मला ते खोरं बघायचंय."

अहो, ज्या वाक्यासाठी माणसाने तीस वर्षं वाट पाहिली, ते वाक्य समोरून चालत आलं! राजाभाऊंना आनंदाने काही सुचेना. त्यांनी फावडं पिशवीत भरलं, मग पुन्हा काढलं, मग पुन्हा भरलं.

पुढे उघडा उतार होता. झाड नाही, झुडूप नाही, मध्येच डावीकडे एक काळा खडक, आणि वर, हाकेच्या अंतरावर वाटावा असा, शिखराचा लाकडी क्रूस. उतार चांगलाच उभा. अशा दिवशी राजाभाऊ इथे कधीच आले नसते, हे त्यांनाही ठाऊक होतं. दोघं शेवटच्या झाडांखाली थांबले. राजाभाऊंनी हेबर्लेची रीत सांगितली. "तुम्ही नवखे, तुम्ही आधी बोलायचं. जायचं की नाही?"

"तुम्ही म्हणाल तसं, बाबा."

"तसं नाही चालत. तुम्ही सांगा."

गौरांगने उताराकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे. "जाऊ या की!" तो म्हणाला, जरा मोठ्यानेच.

आता पाळी राजाभाऊंची. त्यांच्या हातमोज्यांवर अजून तो रवा चिकटलेला होता. डोकं स्वच्छ सांगत होतं, परत फिर. या माणसाने या रीतीच्या जोरावर कंपनीच्या डायरेक्टरला शिखराच्या वीस पावलं अलीकडून परत आणलं होतं. पण हा डायरेक्टर नव्हता, जावई होता! पहिला सण, काल हलव्याचा हार घातलेला, आणि आत्ताच लडाखला येतो म्हणालेला. त्याला कसं म्हणायचं, की बाबा रे, तुझी हौस पुरे, चल घरी? मन मोडलं आणि लडाखही गेलं तर? जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात, तो सासऱ्याच्या जिभेवर कसा येऊन बसतो ते राजाभाऊंना तिथे कळलं.

"चला," ते म्हणाले.

म्हणताना त्यांना स्वतःचाच राग आला. निदान एक तरी काम रीतीने करावं म्हणून त्यांनी गौरांगला झाडांखालीच थांबवलं. एकेकानेच जायचं, मी पोचलो की तुम्ही. आणि ते निघाले.

थोडं अंतर गेले असतील. उतार जेमतेम चढू लागला होता. तेवढ्यात पायाखाली आवाज झाला, वुम्म. गादीवर कोणीतरी धपकन बसावं तसा. अख्खी जमीन बोटभर खाली बसली आणि त्यांच्या स्कीपासून एक बारीक भेग सरळ खडकापर्यंत धावत गेली. मग सगळं शांत. उतार जागच्या जागी.

राजाभाऊंच्या तोंडचं पाणी पळालं. आणि गंमत बघा, एवढं ज्ञान असलेला माणूस, त्याने त्या क्षणी मागे पाहिलंच नाही. त्याने खडकाकडे पाहिलं. खडक जवळ होता. तिथे पोचलो की सुटलो, जावयालाही बोलावून घेता येईल, शिखरही होईल. त्यांनी स्की पुढे सरकवली.

"बाबा!"

असा आवाज राजाभाऊंनी त्या पोराचा कधी ऐकला नव्हता. दोराच्या खालच्या टोकाला उभं राहून वरच्या गड्याला देतात ना, तशी हाक होती ती.

"बाबा, मागे फिरा! पुढे एक पाऊलही टाकायचं नाही! ऐकताय का? फिरा म्हणतो ना मी!"

सासऱ्याला! पहिल्या सणाला! राजाभाऊ थबकले. आणि शाळेतल्या पोरासारखे मुकाट्याने वळले. आल्या पावली, श्वाससुद्धा जपून घेत, आपल्याच खुणांवरून परत निघाले. झाडं जवळ आली. गौरांगने काठी पुढे धरली होती. राजाभाऊंनी ती पकडली आणि सपाटीवर शेवटचं पाऊल टाकलं, तोच पुन्हा वुम्म झालं, आणि या वेळी वर, क्रूसाच्या खाली, उतार तडकला.

फार मोठा नव्हता. गुडघाभर बर्फ, पण उताराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा. फरशा सरकाव्यात तसा तो निघाला, घसरला, मोडला आणि गर्जत खाली आला. त्यांच्या खुणा पुसल्या. काळा खडक दिसेनासा झाला. दोघांच्या तोंडावर बर्फाची धूळ उडाली. मग ऊन पुन्हा होतं तसंच पडलं.

राजाभाऊंनी आधी फोन काढून डोंगरातल्या बचाव पथकाला कळवलं, की उतार कोसळलाय, खाली कोणी नाही, उगाच शोधायला निघू नका. ते बोलणं जर्मनमध्ये, नीट, मुद्देसूद झालं.

"सॉरी बाबा," गौरांग म्हणाला. "ओरडलो मी तुमच्यावर."

"सॉरी काय म्हणतोस लेका!" राजाभाऊंना हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. "आत्ता त्या खडकापाशी असतो मी."

"मला तुम्ही खड्डा दाखवलात तेव्हापासूनच भीती वाटत होती."

"मग आधी बोलला का नाहीस? मी विचारलं होतं ना?"

"ऊर्मिला म्हणाली होती, बाबांची डोंगराची फार हौस आहे, त्यांचं मन मोडू नकोस. मला वाटलं, तुम्हाला वर जायचंय. सासरे पहिल्यांदाच घेऊन आलेत, आणि मी काय सांगू, घाबरलो म्हणून?" तो थांबला. "पण बाबा, तुम्हाला तर सगळं कळत होतं. तुम्ही का 'नाही' म्हणाला नाहीत?"

"तुझी हौस मोडू नये म्हणून!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. म्हणजे वर जायचं नव्हतं यालाही आणि त्यालाही. दोघं एकमेकांचा मान ठेवायला मरायला निघाले होते. भीड ही भिकेची बहीण असं आपली माणसं म्हणत आली आहेत, पण ती असा डोंगर अंगावर घेईल हे कोणाला वाटलं असेल? राजाभाऊंना हसू फुटलं ते थांबेना. गौरांगही हसायला लागला. मग हसणं थांबलं आणि राजाभाऊंनी त्याला जवळ ओढून घट्ट धरलं. दोन्ही छात्यांवरचे पीप्सर एकमेकांवर आपटले.

खाली उतरताना गौरांग तीनदा पडला. खालच्या गावात दोघांनी केसश्पेत्सले खाल्ले, चीजमध्ये लोळवलेल्या जाड शेवया. इतकी चव राजाभाऊंना जन्मात लागली नव्हती. त्यांनी आणखी एक ताटली मागवली. गाडीत बसल्यावर गौरांगने विचारलं, "आईंना सांगायचं?"

न सांगणं सोपं होतं. जोडे वाळवायचे, दमलो म्हणायचं, झालं. आणि सांगितलं तर लडाख कायमचं बुडालं, हे राजाभाऊंना स्पष्ट दिसत होतं. मनात रोज जिथे जाऊन येत होते, ते खोरं. त्यांनी गाडी सुरू केली. "सांगायचं," ते म्हणाले. "आजच्या दिवसात लपवाछपवी पुष्कळ झाली."

घरी पोचल्यावर त्यांनी सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. ऊर्मिला पांघरुणातून उठून बसली आणि जर्मनमध्येच कडाडली, "तुम्ही दोघं मूर्ख आहात का? नुसतं नाइन म्हणायचं! एक शब्द!" मग ती रडायला लागली आणि गौरांग तिच्याजवळ जाऊन बसला. शोभनाताई गॅसपाशी उभ्या होत्या. त्यांनी गॅस बंद केला आणि त्या खुर्चीवर बसल्या.

"लडाखचं मी मनातून काढून टाकलं," ते म्हणाले. "विचारायच्या आधीच सांगतो. मला माझा भरवसा वाटत नाही आता. मोहापायी आज मी डोळ्यांनी पाहिलेलं नाकारलं."

ते मनापासून बोलत होते. आत फार दुखत होतं, तरीही.

"बाबा, मी येणार आहे लडाखला," गौरांग म्हणाला. सगळे त्याच्याकडे बघायला लागले. "यंदा नाही. आधी मला नीट शिकवा, हा बर्फ वाचायला. दोन हिवाळे लागू देत. पण तिथे मी नको म्हटलं की नको. तुम्ही कितीही वाट बघितलेली असू दे, मी आज ओरडलो तसाच ओरडेन. चालणार असेल तरच येईन."

राजाभाऊंनी बायकोकडे पाहिलं नाही. त्यांना उत्तर माहीत होतं.

"जा मग," शोभनाताई म्हणाल्या.

"अगं, आज एवढं झाल्यावर?"

"आज झालं म्हणूनच म्हणते. अहो, इतकी वर्षं मंडळात हिंडून तुम्ही काय शोधत होतात? तुमच्याबरोबर जाईल असा माणूस. जाणारे काय, हेबर्लेसुद्धा होता की. मला भीती कसली होती, माहीत आहे? त्या खोऱ्यापुढे तुम्ही हेबर्लेचंही ऐकलं नसतंत." त्यांनी गौरांगकडे बोट दाखवलं. "याचं ऐकलंत. निम्म्यातून मागे आलात. आता जा खुशाल, मी अडवणार नाही."

राजाभाऊंनी होकाराची मान हलवली, आणि ते तिथेच उभ्या उभ्या रडले.